बर्फावरचे अक्षर

साप्पोरो येथे १९७२ साली झालेल्या हिवाळी ऑलिंपिकची एक जुनी चित्रफीत मी अधूनमधून पाहते आणि दर वेळी एकाच जागी थबकते. फिगर स्केटिंगमध्ये, म्हणजे पाती लावलेल्या बुटांनी बर्फावर गिरक्या आणि उड्या घेण्याच्या खेळात, अमेरिकेची १८ वर्षांची जॅनेट लिन हवेत झेपावून बसकी गिरकी घ्यायला जाते, तोल सुटतो आणि ती चक्क बर्फावर बसते. लगेच ती हसते. त्या हसण्यात ओशाळेपणा नाही की परीक्षकांची मनधरणी नाही. अंगणात खेळताना धपकन पडलेल्या मुलीने स्वतःशीच हसावे, तसे ते आहे. तिला कांस्यपदक मिळाले, पण जपानी प्रेक्षक तिच्यावर लुब्ध झाले ते कायमचेच.

असे काही पाहिले की हा डौल उपजतच असावा लागतो, असे आपण म्हणून मोकळे होतो. मला मात्र त्या काळातली स्केटिंगची एक जुनी शिस्त आठवते. स्केटच्या पात्याला एक नव्हे, तर दोन धारा असतात, आतली आणि बाहेरची, आणि त्यांच्यामध्ये बारीक खोलगट पन्हळ असते. कोणत्या धारेवर किती झुकायचे हे अंगात मुरावे म्हणून खेळाडू बर्फावर आठाच्या आकड्यासारख्या आकृत्या काढत आणि त्याच रेघेवरून पुन्हा पुन्हा जात. आपण पाटीवर श्रीगणेशा गिरवला, तसेच हे गिरवणे. संगीत नाही, टाळ्या नाहीत. परीक्षक वाकून रेघा तपासत. साप्पोरोत निम्मे गुण या गिरवण्याला होते.

तिथे ऑस्ट्रियाच्या बिआट्रिक्स शुबाचा हात धरणारे कोणी नव्हते. तिचे अक्षर मोत्यासारखे होते. संगीतावरच्या मुक्त स्केटिंगमध्ये ती सातवी आली, तरी सुवर्णपदक तिचेच झाले. दूरचित्रवाणीवर मुक्त स्केटिंग तेवढे पाहणाऱ्यांना हा निकाल कोड्यात टाकणारा वाटला. पुढे आकृत्यांचे वजन घटत गेले आणि १९९० नंतर त्या मोठ्या स्पर्धांतून हद्दपारच झाल्या.

शुबावर अन्याय करण्याची माझी इच्छा नाही. सुवाच्य अक्षर ही काही लहान गोष्ट नव्हे, हे माझ्यासारख्या कोंबडीच्या पायांचे अक्षर असलेल्या बाईने तरी मान्य करावेच. शिवाय लिननेही लहानपणापासून याच आकृत्या गिरवल्या होत्या. दोन उड्यांच्या मधल्या रिकाम्या वाटणाऱ्या जागी, जिथे इतर खेळाडू पुढच्या उडीसाठी नुसता वेग गोळा करतात, तिथे ती धारेवर इतकी निवांत कलते की वळण गुडघ्यातून वर चढत मानेपर्यंत पोहोचते आणि सगळ्यात शेवटी हाताची बोटे वळतात. गवयाने दोन स्वरांमधली मींड घ्यावी, तसे ते वळण असते. त्यात गिरवलेल्या रेघेचा मागमूसही दिसत नाही.

आता परीक्षकांच्या कोष्टकात कलेसाठी रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचे कौशल्य असे तीन रकाने असतात. पडल्याबद्दल गुण कापले जातात, ते वेगळेच. मी पुन्हा ती फीत मागे नेते. ती पडते, हसते, तळवा टेकून उठते आणि पहिल्याच पावलाला बाहेरच्या धारेवर झुकते.