काळा-पांढरा जेएसके, भाग ४: कॉटन लेसने घात केला

लोलिता फॅशनचा जेएसके (जम्पर स्कर्ट, म्हणजे ब्लाउजवर घालायचा बिनबाह्यांचा फ्रॉक) शिवतेय, त्याच्या घेराची लेस सगळी उसवून काढली. तिन्ही ओळी. मागच्या भागातले फोटो पाहून "आता फक्त हेडड्रेस राहिला" असं लिहिणाऱ्यांनो, हेडड्रेस बाजूला ठेवलाय. पहिल्याच धुण्यात काळ्या ब्रॉडक्लॉथचा रंग लेसला लागला आणि पांढरीशुभ्र कॉटन लेस राखाडी झाली. तीसुद्धा सगळीकडे सारखी नाही. चुण्यांच्या मुळाशी, जिथे लेस दुमडून कापडाला चिकटते, तिथे जवळजवळ ढगाळ. खालच्या कंगोऱ्यांवर जरा कमी. घेर २६० सेंटिमीटर, चुण्या दुप्पट, म्हणजे एका ओळीला ५.२ मीटर आणि तीन ओळींना साडेपंधरा मीटरच्या वर लेस गेली. मला अक्षरशः रडू आलं.

कापड कापण्याआधी पाण्यातून काढलं होतं, हे आधीच सांगते. तेव्हा पाणी स्वच्छ निघालं होतं. टोकियोत निप्पोरीच्या कापडगल्लीत ज्या दुकानातून ते घेतलं, तिथल्या काकांनी रंग पक्का असल्याचं छातीठोक सांगितलं होतं. पण थंड साध्या पाण्यात न सुटलेला रंग कोमट पाणी आणि साबण मिळाल्यावर सुटला, आणि ओला फ्रॉक स्वतःवरच दुमडून पडला असताना शेजारच्या पांढऱ्यात जाऊन बसला. गडद सुती रंगांचं हे जुनं दुखणं आहे. धाग्याने न धरलेला जादा रंग आत अडकून राहतो आणि तो काढून टाकायला कारखान्यात गरम पाण्याच्या बऱ्याच धुलाया द्याव्या लागतात. स्वस्त काळ्या कापडात नेमक्या त्याच वाचवलेल्या असतात.

आईने फोनवर तिचा नेहमीचा उपाय सांगितला: "अगं, मिठाच्या पाण्यात घाल रात्रभर." उरलेल्या तुकड्यांवर करून पाहिलं. फरक पडला नाही. रंगवताना मीठ रंगाला धाग्याकडे ढकलतं, पण रंगून झालेल्या कापडातला सुटा रंग धरून ठेवणं त्याला जमत नाही. व्हिनेगरचंही तेच झालं. रंग बांधणारं औषध मिळतं, त्याने गळती बरीच कमी झाली, पण पूर्ण थांबली नाही. राखाडी लेस ब्लीचमध्ये घातली तर ती पांढरी होण्याऐवजी पिवळट झाली.

मग उसवताना एक गोष्ट दिसली, आणि हा भाग लिहायला बसले ते तिच्यामुळे. लेस राखाडी झाली होती, पण ती शिवलेला धागा पांढराच होता. राखाडी पट्टीवर बखियेचा एकेक टाका तांदळाच्या दाण्यासारखा उठून दिसत होता. धागा शाप्पे स्पनचा, म्हणजे पॉलिएस्टरचा. त्याच पाण्यात, त्याच काळ्या कापडाला खेटून, तेवढाच वेळ, आणि त्याच्यावर डाग नाही! कारण सरळ आहे. पॉलिएस्टर रंगवायला डिस्पर्स जातीचे रंग आणि १३० अंशांच्या आसपासची उष्णता लागते. सुती कापडाचा रंग त्याला कोमट पाण्यात धरतच नाही.

लगेच चाचणी लावली. त्याच काळ्या कापडाच्या चार पट्ट्या घेतल्या. एकीवर कॉटन लेस, एकीवर सुती तोर्शों (जाड दोऱ्याची विणलेली लेस), एकीवर पॉलिएस्टर धाग्याची केमिकल लेस (पायाचं कापड विरघळवून नुसतं भरतकाम उरतं ती), एकीवर पॉलिएस्टरचीच रास्सेल (यंत्रावर विणलेली पातळ जाळीची). कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, मग पिळून, दुमडून, वर वजन ठेवून रात्रभर ओलंच राहू दिलं. सकाळी दोन्ही सुती लेसा राखाडी आणि दोन्ही पॉलिएस्टर लेसा जशाच्या तशा. केमिकल लेस तर इस्त्रीशिवायही ताठ उभी होती, फुलांची नक्षी उठावदार, कडा धारदार. खूप दिवसांनी शिवणाच्या टेबलाशी एवढा आनंद झाला.

आता खरी अडचण. "लेस कॉटनचीच हवी" हा आमच्या इथल्या टोकियोच्या लोलिता गटातला पक्का समज आहे. कुठे लिहिलेला नाही, पण आहे. गटातल्या एक ज्येष्ठ बाई, हाराजुकूत जिंगू पुलावर रविवारी जमणाऱ्या पिढीतल्या, नवीन माणूस आला की गप्पा मारता मारता त्याच्या घेराची कड दोन बोटांत धरून पाहतात. लेस सिंथेटिक निघाली तर काही बोलत नाहीत. नुसती कड सोडून देतात. समजायचं ते समजतं. मी सुती लेसेवर एवढे पैसे घातले ते या दोन बोटांसाठी, आणि नेमकी तीच लेस पहिल्या धुण्यात गेली.

हा नियम आला कुठून, यावर गेले काही दिवस विचार करतेय. मुळात तो शहाणपणाचाच आहे. स्वस्त पोशाखांवर येते ती पातळ रास्सेल लेस, तिच्या जाळीला वजन नसतं. चुण्या घातल्या की ती चपटी पडते, अंगाला टोचते आणि लांबूनही पार्टीच्या भाड्याच्या ड्रेससारखी दिसते. ओल्ड स्कूलमध्ये, म्हणजे या फॅशनच्या जुन्या शैलीत, प्रिंट सहसा नसतो. काळं किंवा लाल कापड आणि त्यावर भरपूर पांढरी लेस, एवढ्यावरच सगळा डोलारा उभा असतो, त्यामुळे लेस पडली की फ्रॉक पडला. ती कळकट दिसू नये म्हणून कोणीतरी नव्या मुलींना सोपं करून सांगितलं असणार की कॉटन घे. पुढे कारण गळून पडलं आणि "कॉटन" तेवढं उरलं. वजन, उठाव, कडेची धार आणि चुण्या धरण्याची ताकद, या चार गोष्टी लेसेत पाहायच्या असतात. धागा कशाचा, हा प्रश्न त्यांच्यानंतर येतो. काळ्यावर पांढरं असेल तर त्याचं उत्तरही उलटं, पॉलिएस्टरच बरं.

आपल्या छंदातले बाकीचे नियमही असेच तपासावेत असं मला वाटतं. पेटिकोट हवाच, हा नियम मी शंभर टक्के मानते. त्याच्याशिवाय घंटेचा आकार येत नाही आणि बॉर्डर प्रिंट घड्यांत बुडून जातो. घेर गुडघ्यापर्यंत, जेएसकेच्या आत ब्लाउज, यांनी प्रमाण सांभाळलं जातं. प्रतिकृती घालू नये, हे तर मी सगळ्यांत वर ठेवते. 'एंजेलिक प्रिटी' किंवा 'बेबी, द स्टार्स शाइन ब्राइट' या ब्रँडच्या प्रिंटमागे चित्रकाराची मेहनत असते आणि ती उचलून स्वस्तात छापणं ही चोरी आहे. कॉस्प्ले म्हणू नये, हेही बरोबर, कारण आपण कुणाचं पात्र रंगवत नसतो, हे आपले कपडे असतात. या सगळ्यांमागे कारण आहे आणि ते नव्या माणसाला दोन वाक्यांत सांगता येतं.

पण "मेन पीस (मुख्य फ्रॉक) ब्रँडचाच हवा" या नियमाचं कारण मला अजून कोणी सांगू शकलेलं नाही. ब्रँडच्या स्वतःच्या टी पार्टीत त्यांचेच कपडे घालून जावं, हा यजमानाचा मान झाला. साध्या भेटीत तो नियम कशासाठी? ज्या काळाकडे बोट दाखवून तो सांगितला जातो, त्याच काळात मुली घरी शिवत होत्या. या फॅशनचं मासिक, गॉथिक अँड लोलिता बायबल, २००१ मध्ये निघालं, तेव्हापासून त्यात कापायचे नमुने येत होते, ते काय फ्रेम करून लावायला? २०१७ मध्ये ते बंद झालं, तरी जुने अंक सेकंडहँड दुकानांत अजून शोधले जातात, आणि शोधणाऱ्यांत शिवणाऱ्या पुष्कळ असतात. माझ्या या जेएसकेच्या बॉडिसचा (कमरेवरच्या भागाचा) पायाही अशाच एका जुन्या नमुन्यावर आहे.

शिवाय मापं. बहुतेक ब्रँडची मापं ज्या छाती-कमरेला डोळ्यांपुढे ठेवून काढलेली असतात, तिथे माझं शरीर बसत नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणींचं बसत नाही. मेटामॉर्फोझने पाठीतलं शर्रिंग (इलॅस्टिकच्या चुण्या) आणि मोठी मापं मनापासून दिली, त्याबद्दल मला त्या ब्रँडचा फार आदर आहे. पण जिला मनासारखा ओल्ड स्कूल काळा-पांढरा हवा आहे आणि तो तिच्या मापात कुणी केलेलाच नाही, तिने काय करायचं? ब्रँडचा आग्रह तिथे शरीराला लागलेलं कुलूप होतो. हे बोलायला लोक कचरतात, म्हणून मी इथे स्पष्ट लिहितेय.

मागच्या भेटीत एक नवी मुलगी आली होती. अंगावर सॅटिनचा मेडच्या पोशाखासारखा फ्रॉक, पेटिकोट नाही, पण हेडड्रेस स्वतः केलेला, आणि त्याच्या रिबिनीच्या कडा मेणबत्तीवर धरून इतक्या नीट बंद केलेल्या की मी थक्क झाले. एकही कड काळी पडलेली नव्हती. तिला कोणी काही वाईट बोललं नाही. इथे तोंडावर कोणी बोलत नाही. ग्रुप फोटोत तिला टोकाला उभं केलं आणि पुढच्या भेटीचा निरोप तिच्यापर्यंत गेला नाही. मला हे कळलं ते तिने मला विचारल्यावर. मी फार अस्वस्थ झाले. किमोनोच्या जगात अनोळखी बायका स्टेशनवर तरुण मुलींना थांबवून ओबी (कमरेचा पट्टा) चुकल्याचं सांगतात, त्यांना जपानी लोक 'किमोनो पोलीस' म्हणतात आणि वैतागतात. पण ती बाई निदान ओबी नीट तरी करून देते! आमच्या गटाने त्या मुलीला काय चुकलं तेही सांगितलं नाही.

तिला मी माझा जुना ऑर्गंडीचा पेटिकोट दिलाय. बसून थोडा चपटा झाला होता, वाफेवर धरल्यावर पुन्हा फुलला. पुढच्या वेळी ती माझ्याबरोबर येणार आहे.

किमोनोवरून आठवलं, आणि हे लिहिता लिहिताच डोक्यात आलंय, म्हणून इथेच मांडते. किमोनोच्या आतल्या जुबानला (आत घालायच्या झग्याला) गळ्यापाशी हान-एरी नावाची पट्टी असते. ती पक्की शिवत नाहीत. हाताने लांब टाके घालून लावतात आणि धुवायच्या आधी ओढून काढतात. साडीचा फॉल आपण हातशिलाईने लावतो आणि झिजला की उसवून बदलतो, तसंच. मग जेएसकेच्या बॉडिसवरची लेस तशी का लावू नये? तिथे मला सुती लेसच हवी आहे. पिनटक्सच्या (बारीक शिवलेल्या घड्यांच्या) शेजारी केमिकल लेस फार जड दिसते, आणि गळ्याला मऊ सुती बरी वाटते. बॉडिसवर लेस जेमतेम सव्वा मीटर आहे. ती आधी एका अरुंद सुती फितीवर चुण्या घालून शिवायची आणि मग फीत कच्च्या टाक्यांनी फ्रॉकवर बसवायची. फ्रॉक वेगळा, लेस वेगळी धुतली की रंग लागायचा प्रश्नच मिटला.

म्हणजे आराखडा बदलला. घेराला तीन ओळींऐवजी आता दोनच, पण रुंद आणि वजनदार केमिकल लेसच्या, पॉलिएस्टर धाग्यातल्या. तिला चुण्या दुप्पट घालायची गरज नाही, दीडपट पुरतात, कारण ती मुळातच भरगच्च असते. दोन ओळींना मिळून ७.८ मीटर. दोन्ही ओळींमध्ये तीन पिनटक्स तसेच राहतील. बॉडिसला काढता येणारी सुती लेस. हेडड्रेसही आता त्याच पद्धतीने करावा असं वाटतंय. चौकोनी पट्टी काळी, लेस फितीवर, हनुवटीखाली बांधायच्या रिबिनी वेगळ्या.

लेस शिंजुकूच्या ओकादाया दुकानातून घेणार. तिथे ती १० सेंटिमीटरच्या हिशोबाने मिळते, त्यामुळे आधी नुसता तुकडा आणून काळ्या पट्टीवर रात्रभर ओला ठेवून पाहता येतो. दर जरा चढे आहेत, पण गुंडाळीवर धागा कशाचा ते नीट लिहिलेलं असतं, आणि या घडीला मला त्याचीच किंमत आहे. कच्च्या फिटिंगचं स्वस्त कापड मात्र निप्पोरीच्या तोमातो दुकानातूनच. त्याला तोड नाही.

पुढच्या भेटीला फ्रॉक घालून जाणार. त्या बाईंनी कड बोटांत धरली की मीच आधी सांगणार की ही पॉलिएस्टर आहे, आणि पर्समधून त्या चार पट्ट्या काढून दाखवणार. त्यांना कपड्यांचं मनापासून कळतं. मला वाटतं त्या पाहतील.

पुण्याच्या मंडळींना एक विनंती. रविवार पेठेत जीपीओ लेस म्हणून जी मिळते (हीच केमिकल लेस), तिच्यातली ५ ते ६ सेंटिमीटर रुंदीची पांढरी, भरीव फुलांची एखादी दिसली तर भाव कळवा. दुकानदार कॉटन-पॉलिएस्टर काहीही सांगतो, म्हणून एक धागा ओढून जाळून बघा. कागदासारखा वास येऊन राख पडली तर सुती. वितळून टोकाला कडक मणी झाला तर मला हवी ती. आठ मीटर लागेल, आणि दिवाळीत भाऊ इकडे येतोय, त्याच्या बॅगेत जागा आहे.