एकोणीस इंच टेप

न्यूयॉर्कमध्ये, क्वीन्समधल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये मी जुन्या टेपा डिजिटल करते. गेल्या हिवाळ्यात एक डबा आला. आत पाव इंची मास्टर टेप, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाची टेप, डब्यावर पेन्सिलीने १९७६. साल्सा या लॅटिन अमेरिकी नृत्यसंगीताची ही रेकॉर्ड बाजारात कधी आलीच नव्हती. तिच्यावर तिंबालेस, म्हणजे काठ्यांनी वाजवायचे जोडढोल, वाजवणारे गृहस्थ आता ऐंशीच्या पुढे आहेत. आजचा एक तरुण बँड ती गाणी बसवतोय म्हणून त्यांनी टेप कपाटातून बाहेर काढली.

साल्सा म्हटलं की लोक फानिया या रेकॉर्ड कंपनीपाशी थांबतात. जॉनी पाचेको आणि जेरी मासुची यांनी १९६४ साली काढलेली ती कंपनी मोठी खरीच; विली कोलोन आणि रुबेन ब्लेड्सचा १९७८चा ‘सिएम्ब्रा’ हा अल्बम मी आजही ऐकते. पण माझा जीव अडकतो तो त्याच शहरात, त्याच वर्षांत झालेल्या नि मागे पडलेल्या ध्वनिमुद्रणांत. ‘ग्रुपो फोल्क्लोरिको’चं १९७५चं ‘कॉन्सेप्ट्स इन युनिटी’ किती जणांनी ऐकलंय? या टेपेवर पितळी वाद्यांत तर नुसते दोन ट्रॉम्बोन होते, पियानोवादक एडी पाल्मिएरीच्या ‘ला पेर्फेक्ता’ या बँडच्या वळणाचे, खरखरीत नि भरदार.

त्या काळच्या बऱ्याच टेपांचा बाइंडर, म्हणजे चुंबकीय भुकटी पट्टीला धरून ठेवणारा थर, हवेतला ओलावा ओढून चिकट होतो. ही तशीच निघाली. ५४ अंशांवर आठ तास ठेवून सुकवली, थंड केली, मग मशीनवर चढवली. उष्णतेने जुने जोड सुटले. चार ठिकाणी टेप तुटली, चारही ठिकाणी मी टोकं जुळवून नवी पट्टी लावली. रात्री बँडला फाइल पाठवून दिली.

चार दिवसांनी आजोबा आणि बँडचा तरुण म्होरक्या दोघेही आले. आजोबांना मी माएस्त्रो, म्हणजे उस्ताद, म्हणते, ते मला ‘मिहा’, म्हणजे पोरी. तिसरं गाणं लागलं. पियानो संपला, कोरस आला, आणि टेबलावर वाजणारं त्यांचं बोट थांबलं.

“मिहा, क्लावे उलटली.”

तरुण म्हणाला, “तालमीत आमचे गायक इथेच अडखळतात. आम्हाला वाटलं, बांधणीच तशी आहे.”

क्लावे म्हणजे पाच आघात. सोळा घरं मोजली तर पहिलं, चौथं, सातवं, अकरावं, तेरावं. एका अर्ध्यात तीन, दुसऱ्यात दोन. सगळा वाद्यवृंद त्यावर उभा. लहानपणी मी तबला शिकले आहे. तीनतालाच्याही मात्रा सोळाच. मधून आठ मात्रा गळाल्या तर ‘खाली’च्या, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेच्या, जागी सम येते. मला घाम फुटला. चूक माझीच होती.

हिशोब केला. त्या लयीत आठ घरांना सव्वा सेकंद. टेपेचा वेग सेकंदाला पंधरा इंच. म्हणजे एकोणीस इंचांचा तुकडा कुठेतरी पडला होता. मशीन ओढलं. मागे वायरींच्या गुंत्यात एक तपकिरी वेटोळं अडकलेलं होतं, दोन्ही टोकांना वाळलेल्या गोंदाचे पिवळे डाग.

कुठलं टोक आधी, हे डोळ्यांना कळेना. एका बाजूने वाजवला तर घंटेचा नाद हळूहळू फुगून एकदम तुटत होता, म्हणजे उलटा. फिरवला, जोडला.

त्या तुकड्यात पियानो नव्हता, ट्रॉम्बोनही नाहीत. फक्त घंटा आणि कोंगा, म्हणजे हाताने वाजवायचे उंच ढोल. तेव्हा उलगडलं: १९७६ साली कुणीतरी लांबलेला पियानो कापला होता. त्याने क्लावे फिरली असती, म्हणून ब्लेडने दुसरीकडचा हा तुकडा कापून मध्ये बसवला. कोण तो, टेपेवर नाव नाही. इतका स्वच्छ जोड मी क्वचित पाहिलाय.

गाणं पुन्हा लावलं. पियानो, मग ती आठ घरं, मग कोरस. माएस्त्रोंचं बोट चालत राहिलं. तरुणाने खिशातून पेन्सिल काढली आणि आपल्या स्वरलिपीच्या कागदावर, कोरसच्या आधी, एक उभी रेघ वाढवली.