मेगच्या छातीतलं लाकूड

इंग्लंडातल्या लिंकनशायरमध्ये सुगी उरकली आणि शेतं मोकळी पडली की लर्चर कुत्र्याकडे लोक वेगळ्याच नजरेनं बघायला लागतात. कारण उघड आहे. लांब टांगांचे मोठे रानससे, म्हणजे हेअर, या सपाट मुलखात भरपूर, आणि त्यांच्यामागे कुत्री सोडून पैजा लावणाऱ्या टोळ्या दूरदूरच्या शहरांतून इथे येतात. २००४च्या हंटिंग ॲक्टनं हा खेळ बेकायदा ठरवला, २०२२मध्ये शिक्षा आणखी कडक झाली. आता तुरुंगही होतो, कुत्रीही जप्त होतात. स्थानिक पोलिसांची यासाठी ‘ऑपरेशन गॅलिलिओ’ नावाची खास मोहीम असते. त्यामुळे हिवाळ्यात कुणी मळक्या जाकिटातला माणूस रक्तबंबाळ लर्चर घेऊन आमच्या प्राण्यांच्या दवाखान्यात शिरला, तर रिसेप्शनवरच्या मुलीपासून सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न येतो.

लर्चर ही तशी जात नव्हे. ग्रेहाउंडसारख्या नजरेवर धावणाऱ्या कुत्र्याचा संकर मेंढपाळी कोलीशी किंवा टेरियरशी केला की जे होतं ते लर्चर. पाय ग्रेहाउंडचे, डोकं कोलीचं. पूर्वी चोरून शिकार करणाऱ्यांचं कुत्रं म्हणून ते बदनाम होतं, आणि ती बदनामी अजून पुसलेली नाही. काही लोक त्यात बुल टेरियरचं रक्त घालतात. त्यानं वेग थोडा घटतो, पण अंगात एक वेगळीच जिद्द येते. मेग अशीच होती. बहुतांश ग्रेहाउंड, आणि आजीकडून आलेला स्टॅफर्डशायर बुल टेरियरचा वाटा. करड्या पट्ट्यांची, सत्तावीस किलोंची.

नोव्हेंबरातली दुपार होती, साडेतीनलाच उजेड उतरायला लागला होता. एका शेतकऱ्याचा पिकअप दारात थांबला आणि मागच्या सीटवरून सत्तरीचा एक म्हातारा मेगला कवेत घेऊन उतरला. तिच्या छातीभोवती मफलर गुंडाळलेला, आणि मफलरखाली सँडविच गुंडाळायची क्लिंग फिल्म. पिकअपमध्ये त्याचा दुसरा कुत्रा, एक जाडजूड म्हातारा स्टॅफी (स्टॅफर्डशायर बुल टेरियर), गळा काढून ओरडत होता, त्याचा आवाज ऑपरेशन थिएटरपर्यंत येत होता.

“भोकातून हवा आत जात होती गं पोरी,” म्हातारा म्हणाला. “फिस् फिस् आवाज ऐकला. मग हे लावलं. वाटेत तिचा श्वास अडायला लागला की एक कोपरा उचलायचो.”

माणसांच्या इमर्जन्सीत काम करणाऱ्यांना यातलं महत्त्व लगेच कळेल. छातीला आरपार भोक पडलं की प्रत्येक श्वासाला हवा बाहेरून आत खेचली जाते आणि फुप्फुस मिटत जातं. भोक झाकलं पाहिजे. पण ते घट्ट झाकलं आणि आत फुप्फुसालाही इजा असली, तर आत गळणारी हवा कोंडून हृदयावरच दाब येतो. म्हणून कोपरा उचलायचा. चाळीस वर्षं कालवे आणि चर साफ करण्यात घालवलेल्या या माणसाला हे कुणी शिकवलं होतं, ते मी विचारलं नाही. वेळ नव्हता.

टेबलावर घेतली तेव्हा हिरड्या फिक्या, श्वास उथळ आणि भराभर, पण शेपटी एकदा हलली. ऑक्सिजन लावला, शिरेतून वेदना कमी करायला मेथाडोन दिलं, उजव्या बाजूला सातव्या-आठव्या बरगडीच्या मध्ये सुई घालून हवा काढली. सिरिंज भरत होती, रिकामी करत होतो, पुन्हा भरत होती. मग छाती जरा उघडून श्वास घ्यायला लागली.

आमच्याकडे नुकताच रुजू झालेला एक पोरगा होता, हुशार, पुस्तक तोंडपाठ. त्यानं रक्त तपासलं आणि हायसं वाटून सांगितलं, “पीसीव्ही ४०. नॉर्मल आहे.” पीसीव्ही म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचं शेकडा प्रमाण. साधारण कुत्र्याला ३७ ते ५५ चालतं, त्या हिशोबानं त्याचं काही चुकलं नव्हतं. पण ग्रेहाउंडच्या रक्तात पेशी मुळातच जास्त असतात. त्यांना ५० ते ६० हा रोजचा आकडा. शिवाय ताज्या रक्तस्रावात पेशी आणि पाणी दोन्ही एकदमच जातं, त्यामुळे हा आकडा उतरायलाही वेळ लागतो. मेगचा ४०वर आला होता, म्हणजे बरंच रक्त कुठेतरी गेलं होतं. बाहेर तर फारसं दिसत नव्हतं. अल्ट्रासाउंडचा प्रोब ठेवला आणि छातीच्या तळाशी काळा पट्टा दिसला. तिथे साठलं होतं.

या कुत्र्यांचं सगळंच असं वेगळं. हृदय मोठं, त्यात धडधाकट कुत्र्यालाही हलकी मर्मर, म्हणजे ठोक्यांमधली सरसर, ऐकू येते. थायरॉईडचं टी-फोर हे हार्मोन इतकं कमी की अनुभव नसलेला डॉक्टर गोळ्या सुरू करतो. अंगावर चरबी नाही, त्यामुळे टेबलावर दहा मिनिटांत थंड पडतात. आणि भूल! मी मुंबईत परळच्या पशुवैद्यक कॉलेजात शिकत होते तेव्हा भुलीसाठी थायोपेंटोन सर्रास वापरत. सोलापूरकडून कुणी ग्रेहाउंडसारखंच सडपातळ कारवान कुत्रं घेऊन आलं की आमचे सर मात्र बाटलीकडे बघायचेही नाहीत. हे औषध आधी स्नायूंत आणि चरबीत जाऊन मुरतं आणि मग यकृत ते हळूहळू मोडतं. कारवानच्या अंगावर चरबी नाही आणि यकृतही सावकाश, मग ते कुत्रं दुसऱ्या दिवशीपर्यंत झिंगलेलंच. इथे थायोपेंटोन आता सहसा कुणी वापरत नाही, पण लातूर-सोलापूरच्या माळावर धावणाऱ्या त्या कुत्र्यांचं शरीर मला पाठ असल्याचा फायदा इंग्लंडात येऊन झाला, हे खरं.

मी तयारीला लागले तेव्हा पोरगा हळूच म्हणाला, “पोलिसांना कळवायचं का?”

प्रश्न वावगा नव्हता. आमच्या आचारसंहितेत तशी मुभा आहे. प्राण्याच्या छळाचा दाट संशय असेल तर मालकाची गुप्तता बाजूला ठेवून कळवता येतं. मी याआधी तशी कुत्री पाहिली आहेत. बॅजर नावाच्या बिळात राहणाऱ्या रानप्राण्यावर सोडलेली टेरियर आणि बुल लर्चर. १९९२च्या कायद्यानं बॅजरला संरक्षण आहे, तरी लपूनछपून चालतं. त्या जखमा एकदा पाहिल्या की विसरत नाहीत. खालचा जबडा, ओठ, हनुवटी, पुढचे पाय फाडलेले. एक जखम ताजी, दुसरी आठवड्याची, तिसरी कधीतरी घरीच दोऱ्यानं शिवलेली. आणि असे मालक दवाखान्यात येतच नाहीत, आले तर वास सुटल्यावर येतात, आणि सांगतात की तारेत अडकलं.

मी पोराला मेगचं तोंड उघडून दाखवलं. जबडा स्वच्छ, दात शाबूत, ओठांवर एकही जुना व्रण नाही. नडग्यांवर आणि छातीवर बारीक सरळ पांढऱ्या रेषा होत्या, त्या काटेरी तारेच्या, रानात धावणाऱ्या प्रत्येक लर्चरच्या अंगावर असतात. आणि जखम झाल्यापासून अर्ध्या तासात माणूस आमच्या दारात होता. लोक कुत्रं आणि कपडे बघून आधीच निकाल लावून टाकतात. आपल्याकडे पारध्यांच्या पालावर काय झालं, १८७१च्या एका कायद्यानं जन्मानंच कसं गुन्हेगार ठरवलं, ते मला इथे कुणाला समजावत बसायचं नव्हतं. जबडा बघ, एवढंच सांगितलं.

प्रोपोफॉलनं हळूहळू झोपवली, नळी घातली. छाती उघडी असताना कुत्र्याला स्वतःचा श्वास घेता येत नाही, म्हणून नर्स पिशवी दाबून तिच्यासाठी श्वास घेत राहिली, मिनिटाला दहा-बारा, माझ्या हाताकडे बघत. गरम हवेची चादर पायांवर. मी जखम रुंद केली. आठवी बरगडी मोडलेली, आणि तिच्या मागे, आत गेलेलं, माझ्या मधल्या बोटाएवढं लाकूड. टोक तिरकं कापलेलं, साल अजून हिरवट. हॉथॉर्न, कुंपणाचं काटेरी झुडूप.

इथे कुंपणाची झुडपं हिवाळ्यात ट्रॅक्टरच्या फ्लेलनं छाटतात. ते यंत्र कापत नाही, ठेचतं. मागे उरतात ते भाल्यासारखे तुकडे, नेमके कुत्र्याच्या छातीच्या उंचीवर. हात घालून तपासलं, फुप्फुसाची कड काळीनिळी झाली होती, फाटली नव्हती. बरगडीखालची रक्तवाहिनी मात्र तुटली होती, रक्त तिथूनच येत होतं. ती बांधली. साठलेलं रक्त काढलं, कोमट सलाईननं पुन्हापुन्हा धुतलं, सालीचे बारीक कपटे शोधत बसले. एखादा कपटा राहिला की दोन महिन्यांनी छातीत पू होतो. छातीतली हवा आणि रक्त बाहेर काढायची नळी, म्हणजे ड्रेन, घातला आणि थर थर करत बंद केलं. मधे पीसीव्ही ३१ झाला, तेव्हा फ्रिजमधली रक्ताची एक पिशवी लावली. गमतीची गोष्ट अशी की इथल्या पेट ब्लड बँकेत रक्त देणाऱ्यांमध्ये ग्रेहाउंड पुष्कळ असतात. त्यांचा गट बऱ्याचदा कुणालाही चालणारा, पेशी भरपूर, आणि मान पुढे करून शांत उभी राहतात.

बाहेर म्हातारा तसाच बसून होता. मी जाऊन सांगितलं, लाकूड काढलंय, धोका टळलेला नाही. तो बराच वेळ जमिनीकडे बघत राहिला, मग आपण होऊन सांगायला लागला.

शेतकऱ्याच्या परवानगीनं तो सशांचा बंदोबस्त करतो. साधे ससे, ते कायद्यात बसतं. बिळांच्या तोंडांवर जाळी लावायची, फेरेट, म्हणजे मुंगसासारखा दिसणारा पाळीव प्राणी, आत सोडायचं, जाळी चुकवून ससा निसटला तर मेगनं धरायचा. जिवंत धरून हातात आणून द्यायचा, दात न रुतवता. त्या दिवशी ससा कुंपणात घुसला आणि मेग त्याच्या मागे. त्याला कळलंच नाही काही झालं ते, कारण मेग परत आली, ससा तोंडात, नेहमीसारखी समोर बसली, ससा हातात दिला. मग त्याला तो आवाज ऐकू आला.

“बुलचं रक्त,” तो म्हणाला. “थांबायचं कळत नाही.” त्याच्या बोलण्यात अभिमान होता की तक्रार, मला ठरवता आलं नाही. मला स्वतःला या रक्ताची धास्तीच वाटते. हे कुत्रं दुखतंय असं सांगतच नाही. कण्हण्यावर विसंबलात तर फसलात. नाडी, हिरड्या, श्वास, एवढ्यांवरच विश्वास ठेवायचा.

शिकवलीस कशी, असं विचारल्यावर म्हातारा खुलला. पिल्लू होती तेव्हा तिची टोपली फेरेटच्या पिंजऱ्याशेजारी ठेवली, म्हणजे फेरेट हा घरातलाच एक. रोज दोरीवर बांधून मेंढ्यांच्या कळपातून फिरवली, कोंबड्यांतून फिरवली, इतकी की तिला त्यांचा कंटाळा यावा. मेंढ्यांच्या मागे लागलेल्या कुत्र्याला इथे शेतकरी, दुसरा उपाय नसेल तर, गोळी घालू शकतो. सशाच्या कातडीचं बोचकं करून घराच्या बोळातच टाकायचा, म्हणजे ते घेऊन पळून जायला जागाच नाही, यायचं ते मालकाकडेच. आणलं की लगेच हिसकायचं नाही. आधी तिला थोपटायचं, मिरवू द्यायचं, मग हात पुढे करायचा. घाईघाईनं ओढून घेतलं की पुढच्या वेळी कुत्रं दात आवळतं, किंवा लांब उभं राहून खेळवतं. आणि वर्षाची होईपर्यंत तिला एकही ससा धावू दिला नाही. “हाडं कच्ची असतात. आणि एकदा हरली की हरायची सवय लागते,” तो म्हणाला. हाडांचं मी डॉक्टर म्हणून सांगू शकते, लांब हाडांच्या टोकांच्या वाढीच्या पट्ट्या तोवर मिटलेल्या नसतात, ओढाताणीनं पाय वाकडा होतो. सवयीचं तो जाणे.

रात्री साडेदहाला मेगनं डोकं उचललं. पण लर्चरमध्ये मला खरी काळजी असते ती पुढच्या एक ते तीन दिवसांची. ग्रेहाउंड वंशाच्या कुत्र्यांमध्ये जखमेत धरलेली रक्ताची गुठळी शरीर स्वतःच लवकर विरघळवतं. ऑपरेशन छान होतं, दुसऱ्या दिवशी टाक्यांभोवती निळं पसरायला लागतं, पोटाकडे उतरतं, आणि कुत्रं टेबलावर नव्हे तर पिंजऱ्यात दगावतं. म्हणून गुठळी विरघळू न देणारं ट्रानेक्सामिक ॲसिड आधीच सुरू केलं होतं. तरी दुसऱ्या संध्याकाळी ड्रेनभोवती जांभळं आलंच. पोरानं मार्करनं कडेनं रेघ मारली, वेळ लिहिली. तासाभरानं जांभळं रेघेबाहेर बोटभर. आणखी दोन तासांनी तेवढंच. रात्री तो घरी गेलाच नाही, पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून बसला. पहाटे रेघ जिथे होती तिथेच रंग थांबलेला, पीसीव्ही ३९.

तिसऱ्या दिवशी ड्रेन काढला. मेगनं उकडलेलं कोंबडं खाल्लं आणि नर्सचा बूट चोरला. नेऊन दिला अर्थातच म्हाताऱ्याच्या हातात.

मी सहा आठवडे दोरीवर ठेवायला सांगितलं. तो म्हणाला, मार्चमध्ये सशांना पिल्लं होतात, त्याआधीचा अर्धा हंगाम यातच संपेल. मी म्हटलं, संपू दे. त्यानं हिशोब मांडला, बरगडी चार आठवड्यांत जुळते की. आम्ही बराच वेळ भांडलो. शेवटी पाच आठवड्यांवर तडजोड झाली, पण दोरी सोडल्यावर पहिले पंधरा दिवस कुंपणाच्या शेतात नाही, उघड्या कुरणातच, या अटीवर. ट्रॅक्टरवाल्याशी तो स्वतः बोलणार होता, छाटल्यानंतर बिळांजवळचे ठोंब करवतीनं आडवे कापायला.

तपासणीला आली तेव्हा पोरानं स्वतःहून रक्त घेतलं, मला न विचारता. पीसीव्ही ५६. त्यानं तो आकडा मेगच्या नोंदीत सगळ्यात वर, लाल अक्षरांत टाकला, आणि खाली लिहिलं की ही निरोगी असतानाची पातळी, ४०ला नॉर्मल म्हणू नये. मग म्हाताऱ्याला विचारलं, तो स्टॅफी पण आण ना एकदा, त्याचंही बघून ठेवू. म्हातारा म्हणाला, त्याचं कशाला, तो तर बारा वर्षांत सोफ्यावरून उतरलेला नाही.