आमची वाटचाल: शाई, पॅड आणि सफाई

अकोल्यात फोटो प्रिंटरच्या दुरुस्तीचं काम आम्ही हाती घेतलं ते लोडशेडिंगच्या दिवसांत. स्टुडिओवाल्यांची तक्रार एकच: चार फोटो काढले नाहीत, तरी टाकीतली शाई उतरली. ती शाई जात होती मशीन आपणहून करतं त्या सफाईत, आणि ती सफाई वाढायची खटक्यामुळे.

प्रिंटर त्याच्या बटणाने बंद केला की शाई सोडणारं हेड उजव्या टोकाला जाऊन रबरी कॅपवर बसतं, त्याची बारीक छिद्रं म्हणजे नोझल झाकली जातात. बोर्डावरचा खटका आधी पाडला किंवा छापता छापता लाइट गेली, तर हेड मध्येच उघडं राहतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. त्या कोरड्या हवेत नोझलच्या तोंडाशी शाई घट्ट व्हायला वेळ लागत नाही. मग सफाई: कॅप घट्ट लागते, खालचा पंप हवा ओढतो, शाई खेचली जाते, रबरी पातं हेडचा तळ पुसतं आणि ही सगळी शाई वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणाऱ्या गादीत जाते. चाचणीच्या छापात एकट्या लाइट सायनची (फिक्या निळ्याची) रेघ तुटली असली तरी एप्सनचा एल ८०० प्रिंटर त्याचे सहाही रंग ओढतो. म्हणून प्रिंटरला छोटा यूपीएस लावाच. हातातली प्रिंट पुरी होऊन बटणाने बंद करण्याइतका वेळ मिळाला तरी पुरे.

पॅड किती भरलं हे मशीन मोजत नाही, किती वेळा किती शाई सोडली याचा हिशेब काउंटरमध्ये ठेवतं. आकडा पूर्ण झाला की दिवे आळीपाळीने लुकलुकतात आणि छपाई थांबते. आम्ही पॅड बदलून मगच काउंटर शून्यावर आणायचो. त्याला अर्धा दिवस लागायचा. आमच्याच गल्लीत एकाने सॉफ्टवेअरने दहा मिनिटांत नुसता रीसेट मारून द्यायला सुरुवात केली. पॅड तसंच, शाईने थबथबलेलं. गिऱ्हाइकं तिकडे गेली. एक संपूर्ण लग्नसराई आमचं टेबल रिकामं होतं, भाडं थकलं, दुकान बंद करायची बोलणी झाली. काही महिन्यांनी मशिनांच्या बुडातून शाई टेबलावर आणि अल्बमच्या गठ्ठ्यांवर उतरू लागली, आणि बोल मात्र आम्हालाच: "आधी तुम्हीच उघडलं होतं ना?" हे आम्ही अजून विसरलेलो नाही.

त्या काळात टिकले ते जुन्या शहरातले एक स्टुडिओवाले काका. ते दर सोमवारी नोझल चेक (प्रत्येक रंगाच्या रेघांचा चाचणीचा छाप) काढायचे, तारीख घालून वहीत चिकटवायचे. नोझल चेकला शाई नावापुरती लागते, सफाईला भरपूर. त्या वहीने आम्हाला निदान शिकवलं. सफाईनंतर दर वेळी त्याच जागची रेघ तुटलेली असेल, तर तिथे शाई वाळली आहे. दर वेळी तुटण्याची जागा बदलत असेल, तर नळीत किंवा डॅम्परमध्ये (हेडवरच्या शाईच्या छोट्या कप्प्यात) हवा आहे. टाकी खालच्या खुणेखाली गेली होती का, किंवा वाहतुकीची कळ (मशीन हलवताना शाई अडवणारी) बंदच राहिली का, ते आधी पाहा. सफाईनंतर रेघा उलट कमीच झाल्या, तर दोष कॅपचा. तिच्या कडेवर शाईची खपली धरली की हवा आत शिरते आणि पंपाची ओढ हेडपर्यंत पोचतच नाही.

कॅप तपासायला आम्ही सिरिंजने डिस्टिल्ड वॉटरचे थेंब सोडून ती काठोकाठ भरतो आणि एक सफाई चालवतो. पाणी खेचलं गेलं तर पंप ठीक. पाणी तसंच राहिलं तर कॅपखालची नळी तुंबली. कडा पुसायच्या त्याच पाण्यात भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने. नळाचं पाणी नको, क्षार बसतात. थिनर तर अजिबात नको, रबर फुगतं. नोझल चेक आणि सफाई अशी जोडी तीनदा झाली की थांबा. मशीन बंद करून बारा तास ठेवा, आतले बुडबुडे जिरतात, वाळलेली शाई थोडी सैल होते. लागोपाठ दहा वेळा सफाई मारणाऱ्यांचं पॅड भरतं, हेड काही सुटत नाही. पॉवर इंक फ्लशिंग (नळ्यांतली सगळी शाई ओढून बदलणं) हा शेवटचा उपाय, आणि तोही प्रत्येक टाकी किमान एक तृतीयांश भरलेली असेल तरच. नाहीतर नळ्यांत हवा भरून बसते.

वेस्टची, म्हणजे वाया गेलेली शाई पॅडकडे नेणारी नळी बाहेर बाटलीत काढायची असेल, तर बाटली प्रिंटरच्या खाली ठेवा, झाकणाला हवेचं भोक पाडा आणि नळीचं टोक शाईत बुडू देऊ नका. नळी कुठे दुमडली तर शाई मागे कॅपमध्ये तुंबते आणि सहा रंग एकमेकांत उतरतात. पिवळ्यात काळपट झाक दिसली की पहिल्यांदा ती नळी बघा.

पुढची वर्षं कामात गेली. काकांची तिसरी वही चालू आहे. गेल्या दिवाळीआधी त्यांच्या मशीनचं पॅड बदललं, काउंटर नंतर शून्यावर आणला. नुसता रीसेट आम्ही आजही करून देत नाही.