माइल्स स्टँडिशच्या मागावर लँकेशरमध्ये: पाट्या सोडा, मृत्युपत्र धरा

चोर्ली या लँकेशरमधल्या, म्हणजे वायव्य इंग्लंडातल्या, गावापासून सुरुवात करू नका. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण माझे दोन दिवस तिथेच गेले आणि हाती काही लागलं नाही.

मी मँचेस्टरला असतो. बॉस्टनजवळ राहणाऱ्या माझ्या चुलतभावाची बायको अमेरिकन. आमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत तिनं पाहिला, त्यात आपलं नाव आणि मागच्या बारा पिढ्या पाहिल्या, आणि म्हणाली, भाऊजी, माझ्या माहेरच्या बाजूचंही असं काही जुळवता येईल का? तिच्या आजीकडून वंश थेट माइल्स स्टँडिशपर्यंत जातो. अमेरिकेतली बाजू चोख आहे, एकेका पिढीला कागद आहे. प्रश्न त्याच्या अलीकडचा नाही, पलीकडचा आहे. माइल्स स्वतः कुणाचा मुलगा?

ज्यांना हा माणूस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेदरलँड्समध्ये लढलेला इंग्रज शिपाई. 1620 मध्ये मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेतल्या प्लिमथला गेला आणि त्या वसाहतीच्या सैन्याचा कप्तान झाला. पहिली बायको रोझ पहिल्याच हिवाळ्यात वारली. पुढे त्यानं मॅसॅच्युसेट्समध्ये डक्सबरी गाव वसवायला हातभार लावला आणि 1656 मध्ये तिथेच वारला. तिथल्या टेकडीवर त्याचा 116 फुटी मनोरा आहे. 1623 मध्ये वेसागसेटला त्यानं पेक्सुओट आणि विटुवामट या स्थानिक मॅसॅच्युसेट लोकांच्या म्होरक्यांना बंद खोलीत मारलं आणि विटुवामटचं डोकं प्लिमथच्या गढीवर लावलं. वहिनीनं बजावून सांगितलं होतं की पूर्वजाबद्दल लिहिशील तर हे गाळू नकोस. गाळलेलं नाही.

आता चोर्ली. मँचेस्टरहून प्रेस्टनच्या गाडीनं सरळ जाता येतं. माइल्स इथला, चोर्लीजवळच्या मूळ इंग्लिश डक्सबरीच्या स्टँडिश घराण्यातला, असं तुम्हाला जो तो सांगेल. सेंट लॉरेन्स चर्चमध्ये स्टँडिश घराण्याचं बसायचं लाकडी दालन आहे, 1442 मध्ये त्याच घराण्यातल्या सर रोलंड स्टँडिशनं नॉर्मंडीहून आणलेल्या संताच्या अस्थी आहेत. बघायला छान. आणि मग ती प्रसिद्ध गोष्ट ऐकायला मिळते: बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतलं नेमकं 1584 च्या सुमाराचं, म्हणजे माइल्सच्या जन्माच्या काळाचं, पान कुणीतरी दगडानं घासून पुसलं, म्हणजे अमेरिकेतल्या वंशजांना जमिनीवर हक्क सांगता येऊ नये. 1840 च्या दशकात अमेरिकेतल्या वंशजांनी पैसे जमवून माणूस पाठवला होता, तेव्हापासून ही गोष्ट फिरतेय. मीही पहिल्या दिवशी भारावून गेलो होतो. आता स्पष्ट सांगतो: ते पान खराब आहे एवढंच खरं धरा. जमिनीवरचा हक्क बुडवायचा असेल तर बाप्तिस्म्याची एक ओळ पुसून काय होणार? हक्क असतो खरेदीखतात, वाटणीपत्रात, आणि ते कागद शाबूत आहेत.

डक्सबरी हॉल बघायचा म्हणून दुसरा दिवस घालवला. हॉल नाही. 1956 मध्ये पाडला. मागे घोड्यांचे तबेले, एक जुनं कोठार आणि आजूबाजूला गोल्फचं मैदान उरलंय. मला ज्यानं 'हॉल बघून घ्या' असं सांगितलं होतं तो स्वतः तिथे गेला नसावा. जंगलातली वाट चांगली आहे, पण त्यासाठी एवढं लांब येण्याचं कारण नाही.

त्या रात्री मी माइल्सचं मृत्युपत्र पुन्हा वाचलं, या वेळी नकाशा शेजारी ठेवून. हे मी घरून निघण्याआधी करायला हवं होतं. तुम्ही तरी करा. त्यात तो मोठ्या मुलाला, अलेक्झांडरला, आपल्या हक्काच्या पण लबाडीनं अडकवून ठेवलेल्या जमिनी देतो आणि गावं एकेक करून सांगतो: ऑर्म्सकर्क, बर्सको, रायटिंग्टन, मॉड्सली, न्यूबर्ग, क्रॉस्टन आणि आइल ऑफ मॅन बेट. पुढे म्हणतो, माझे पणजोबा स्टँडिश गावच्या स्टँडिश घराण्यातले धाकटे भाऊ. या यादीत चोर्ली नाही. डक्सबरी नाही. ज्या गावांच्या पाट्यांवर त्याचं नाव आहे ती त्याच्या तोंडी नाहीत, आणि ज्यांची नावं त्यानं मरताना घेतली तिथे पाटी नाही.

टी. सी. पोर्टियस नावाच्या, कॉपुल गावच्या पाद्र्यानं 1914 मध्ये हेच केलं होतं: जमिनींची यादी घेतली आणि लँकेशरमधल्या कुठल्या स्टँडिशांकडे ही सगळी गावं एकत्र सापडतात ते पाहिलं. उत्तर आलं ऑर्म्सकर्कचे स्टँडिश, म्हणजे स्टँडिश गावच्या थोरल्या घराण्याची फुटलेली शाखा, जिची एक फांदी आइल ऑफ मॅनला गेली. डक्सबरीवाल्यांच्या जमिनींशी ही यादी जुळत नाही.

म्हणून खरी सुरुवात ली गावच्या टाउन हॉलमधून करा. विगनचं दफ्तर तिथे आहे आणि स्टँडिश घराण्याचे मूळ कागद त्यात आहेत. दुसरं प्रेस्टनचं लँकेशर आर्काइव्ह्ज. दोन्हीकडे ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्या, कुठल्या दिवशी उघडं आहे ते आधी बघा, आणि कागद आगाऊ मागवून ठेवा. चर्चच्या नोंदी बघायच्या असतील तर स्वयंसेवकांनी उतरवून काढलेल्या लँकेशरच्या पॅरिश नोंदी इंटरनेटवर फुकट आहेत. पैसे मागणाऱ्या वंशावळीच्या साइटवर एक पैसा घालवण्याआधी त्या संपवा.

मूळ कागद वाचायची तयारी मात्र पाहिजे. मोडी न शिकता पेशवे दफ्तरात जाऊन जे होईल तेच इथे होतं. त्या काळची इंग्रजी लिपी आजच्या डोळ्याला लागत नाही, खतं तर बहुतेक लॅटिनमध्ये. मी आधी दोन महिने रोज अर्धा तास घोटवलं होतं, तरी पहिल्या चामड्याच्या कागदासमोर तासभर नुसता बसून होतो. मग एका ओळीच्या मध्यावर 'स्टँडिश' हे नाव लागलं, लांब शेपटाचा एस, पुढे काट मारलेला टी, आणि एकदा ते लागल्यावर त्याच पानावर आणखी चार ठिकाणी दिसायला लागलं. त्या दुपारी मी जेवायला उठलो नाही.

आणखी एक. 1752 पर्यंत इंग्लंडात वर्ष 25 मार्चला बदलायचं. म्हणजे कागदावर फेब्रुवारी 1584 दिसलं तर आपल्या हिशेबात ते 1585. मृत्युपत्रावरची 7 मार्च 1655 ही तारीखही खरी 1656 ची. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्या वंशावळीत मुलं आईबापाच्या लग्नाआधी जन्मलेली दिसतात.

आता ज्या दिवसानं मला सगळ्यात जास्त घाम फोडला तो. मृत्युपत्रातली चार गावं एका दमात पायी करायची ठरवली होती: न्यूबर्ग, रायटिंग्टन, मॉड्सली, क्रॉस्टन. साउथपोर्टच्या गाडीनं पारबोल्डला उतरलो, न्यूबर्ग करून आलो, तोवर सगळं सोपं. तिथून पारबोल्ड हिल चढून हॅरक हिलवरून मॉड्सलीत उतरायचं. चढाचं काही विशेष नाही. हॅरक हिल दीडशे मीटरच्या आसपास, सह्याद्री पायाखाली घातलेल्या माणसाला त्याचं नावही घेऊ नये. वरून पश्चिमेला सपाट शेतं पार समुद्रापर्यंत दिसतात आणि तीच नेमकी माइल्सची यादी आहे, एका नजरेत. तिथे मी बराच वेळ उभा राहिलो. अडकवून ठेवलेली जमीन म्हणजे काय, ते पाच हजार किलोमीटरवर बसून मरेपर्यंत आठवणाऱ्या माणसाला ती कशी दिसत असेल, हे मला तिथे समजलं.

पण उतार! मॉड्सलीच्या बाजूची शेतं मार्चमध्ये म्हणजे निव्वळ चिखल. तांबडी, चिकट, लोण्यासारखी माती. नकाशावर हिरव्या तुटक रेघेची सार्वजनिक पायवाट आहे, शेतात मात्र ती नांगरून टाकलेली. कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्या आहेत, त्यांच्या दोन्ही बाजूंना गाईंनी तुडवून केलेलं घोट्याच्या वर जाणारं डबकं. तीन किलोमीटरच्या आतलं अंतर, मला दोन तास लागले. एका ठिकाणी बूट आत राहिला आणि पाय बाहेर आला. हातानं उपसून काढला. ट्रेकिंगचे साधे बूट इथे कामाचे नाहीत. गुडघ्यापर्यंतचे रबरी गमबूट किंवा निदान बुटावरून पोटरीला बांधायचे गेटर हवेतच. ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर 285 हा कागदी नकाशा न्या, फोनवरच्या नकाशात या वाटा नीट दिसत नाहीत. आणि ऑक्टोबर ते एप्रिल हा टप्पा पायी करूच नका. जून-जुलैत करा नाहीतर बसने किंवा गाडीने जा. रायटिंग्टन म्हणून एक असं गाव नाहीच, घरं विखुरलेली. तिथल्या हॉस्पिटलातच 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन चार्नलीनं खुब्याच्या सांध्याची आजची शस्त्रक्रिया घडवली, एवढी एक गोष्ट मला त्या चिखलात पाय ओढताना सारखी आठवत होती.

मॉड्सलीत पोचलो तेव्हा अंधारत आलं होतं. क्रॉस्टन स्टेशन पाचेक किलोमीटर. फोन करून टॅक्सी मागवली. भाडं आधी विचारलं नाही, ही माझी चूक. चिखलाचे पाय पाहून ड्रायव्हरनं आधी तोंड वाकडं केलं, सीटवर प्लॅस्टिक अंथरलं आणि उतरताना तीस पौंड सांगितले. मीटर कुठाय विचारलं तर म्हणाला, ठरलेलं भाडं आहे. कुणाशी ठरलेलं? वाद घालायचं त्राण नव्हतं, दिले. पाच किलोमीटरला तीस पौंड म्हणजे सरळ लूट. फोनवरच आकडा विचारा आणि तो मेसेजमध्ये लिहून घ्या. क्रॉस्टनहून ऑर्म्सकर्क आणि प्रेस्टनच्या गाड्या मोजक्या आहेत आणि रविवारी नाहीत, म्हणून हा दिवस रविवारी आखू नका. मी शनिवारी होतो म्हणून त्या रात्री घरी पोचलो.

ऑर्म्सकर्क, बर्सको सोपं आहे. ऑर्म्सकर्कच्या चर्चला मनोरा आणि निमुळतं शिखर दोन्ही शेजारी शेजारी आहेत, ते बघा. कालव्याकाठची वाट छान आहे. स्टँडिश गावात सेंट विल्फ्रेड चर्च 1582 ते 84 मध्ये पुन्हा बांधलेलं, म्हणजे माइल्सच्या जन्माच्या सुमारास. तिथला हॉलही पाडलेला आहे.

आइल ऑफ मॅनला हेशमहून बोटीनं पावणेचार तासांत डग्लस. मला बोट लागत नाही, ज्यांना लागते त्यांनी मार्चमध्ये विचार करून जावं. तिथे लेझेअर परगण्यातल्या एलनबेन या शेतवाडीशी स्टँडिशांचं नाव जोडलेलं आहे, आणि 1980 च्या दशकात तर माइल्स तिथलाच, असा दावा पुस्तक काढून केला गेला. वाडी खाजगी आहे, रस्त्यावरून बघा, आत शिरू नका. खरं काम डग्लसच्या मँक्स म्युझियममधल्या वाचनालयात आहे. एक व्यवहाराची गोष्ट: बेटाच्या नोटा वेगळ्या छापतात. परत येण्याआधी त्या बदलून घ्या, इंग्लंडात दुकानदार त्या घेत नाहीत. मला बोटीवरच एकानं सांगितलं म्हणून वाचलो.

एवढं फिरून माझं मत असं झालंय. घराणं ऑर्म्सकर्कच्या शाखेचं, हे जमिनींवरून मला पटलं. जन्म लँकेशरमधला, असं 1669 मध्ये प्लिमथच्या नॅथनिएल मॉर्टननं लिहून ठेवलंय आणि तो माइल्सला ओळखणारा माणूस, म्हणून मी त्याच बाजूनं झुकतो. पण बापाचं नाव सांगणारा कागद आजवर कुणाच्या हाती लागलेला नाही, आणि चोर्लीच्या पुसलेल्या पानावर ते होतं असं म्हणायला आधार नाही.

वहिनीला तसंच कळवलं. ती थोडी हिरमुसली, कारण तिच्या आजीच्या जुन्या तक्त्यात डक्सबरी हॉलचं चित्र आहे. मग मी आमच्या कुलवृत्तांताचं शेवटचं प्रकरण तिला फोटो काढून पाठवलं, 'दुवा न लागलेली घराणी'. सतरा कुटुंबं आहेत त्यात, आमच्याच आडनावाची, आमच्याच गोत्राची, प्रत्येकाच्या वर रिकामी ओळ. तिनं तिच्या तक्त्यात माइल्सच्या वर तशीच रिकामी ओळ काढलीय, आणि शेजारी पेन्सिलीनं सहा गावांची नावं.