कसब्यातली दुपार

पुण्यात तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने मिक्सरचं भांडं उलटंपालटं करून पाहिलं, "चारला या, माणूस जेवायला गेलाय," म्हणाला आणि भर दुपारी मला रस्त्यावर आणून सोडलं. घरी जाऊन परत येण्यात अर्थ नव्हता. मग पाय नेतील तिकडे निघाले. ते कसब्याकडेच नेतात, ही त्यांची जुनी सवय.

माझी एक खोड आहे. बाहेरगावचे पाहुणे आले की मी त्यांना शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापाशी उतरवते आणि "तुम्ही बघून या, मी इथेच आहे" म्हणून सटकते. आत काय आहे बघायला? १८२८ च्या आगीत वाडा गेला. राहिली ती जोती, कोरडी कारंजी आणि हिरवळ. इथे दिवाणखाना होता, इथे अमुक होतं, अशी कल्पना करत फिरायचं. कल्पनाच करायची तर मागच्या बोळात काय वाईट आहे? तिथे निदान कोणाचे तरी कपडे वाळत असतात.

कसबा सगळ्या पेठांत जुना. शनिवारला मुर्तुजाबाद आणि शुक्रवारला विसापूर म्हणत होते, त्याच्याही आधीपासून इथे वस्ती आहे. म्हणून इथले रस्ते कोणी पट्टी धरून आखलेले नाहीत. बोळ चांगला सरळ निघतो आणि वाटेत एखादा मारुती आडवा आला की निमूट वळसा घेतो. मारुती हलवायची प्राज्ञा कोणाची? नकाशात बघून इथे चालणारा माणूस हटकून कोणाच्या तरी ओसरीवर जाऊन पोचतो, आणि ओसरीवरच्या आजी न विचारताच सांगतात, "इथनं रस्ता नाहीये."

बुरूड आळी, कुंभारवाडा, शिंपी आळी. आणि तांबट आळी, जी डोळ्यांआधी कानांना लागते. वळणाच्या अलीकडेच ठोके सुरू होतात. एक जण मारत असेल तर लय कळते, चार-पाच जण मारू लागले की नुसता कल्लोळ. तांब्याचं कसं आहे, ठोकलं की ते कडक होत जातं. मग भट्टीत तापवून मऊ करायचं, पुन्हा ठोकायचं, पुन्हा तापवायचं. शेवटी मठाराचे ठोके, एकाशेजारी एक, ओळीने. त्यानेच भांड्याला बळकटी येते आणि ती चकाकणारी खवल्याखवल्यांची अंगकांतीही. बंब आणि घंगाळी गेली, आता जास्त करून पाण्याच्या बाटल्या आणि हॉटेलांसाठीचे शोभेचे हंडे असतात. मी दारात उभी राहिले तर हातोडी न थांबवता आतून विचारणा झाली, "ताई, काय पाहिजे?" "काही नाही, बघतेय." "बघा की." पुढचा ठोका मागच्याच्या शेजारी बरोब्बर पडला.

माझी आत्या इथून दोन बोळ सोडून राहायची. मे महिन्यात आम्हा सगळ्या भावंडांची रवानगी तिच्याकडे. दुपारी जेवणं झाली की आत्या माजघरात पदर डोळ्यांवर ओढून आडवी व्हायची आणि आम्हाला दटावायची, "आवाज केलात तर बघा." बाहेर तांबटांची ठोकाठोक चालू, आणि आत्याला आवाज व्हायचा तो आमच्या पत्त्यांचा! तिला त्या ठोक्यांतच झोप लागायची. आळी बंद असली की बाई दुपारभर या कुशीवरून त्या कुशीवर. "काय मेलं सुनं सुनं वाटतंय," म्हणायची आणि उठून सरळ चहाच टाकायची. पुढे ती धायरीला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. तिथे दुपारी अगदी शांत असतं असं सगळे तिला कौतुकाने सांगायचे. तिचा चेहरा मात्र बघण्यासारखा असायचा.

आता वाड्यांबद्दल लोक फार हळवे होऊन लिहितात. शिसवी खांब, महिरपी, चौकातली तुळस. मलाही आवडतं सगळं. पण आत्याच्या वाड्याच्या जिन्यात भर दिवसा हाताला धरायला दोर बांधलेला होता, इतका काळोख. नळ चौकात एकच. पहाटे बादल्यांची रांग आणि रांगेवरून भांडणं. संडास परसात, आणि रात्री जायचं तर आतेभावाला उठवायचं. तो लाच म्हणून गोळ्या मागायचा. पावसाळ्यात कौलं गळायची, मालक दुरुस्ती करायचा नाही, कारण १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठलेली. भाडेकरू सोडायचा नाही, कारण तीच भाडी. दोघेही आपापल्या जागी खरे, आणि मध्ये भिंत फुगत चाललेली. तो वाडा शेवटी पाडला तेव्हा आत्या रडली नाही. नवीन बांधकामात पश्चिमेचा सज्जा मिळेल का, एवढंच तिने विचारलं होतं. वाड्याचं सौंदर्य मला दिसतं ते मी संध्याकाळी स्वतःच्या घरी परत जाते म्हणून, हे मी मनाशी धरून असते.

चालता चालता मेट्रोच्या स्टेशनपाशी आले. २०२४ पासून कसब्याच्या पोटातून गाडी धावते. आपल्याला त्याचं नवल वाटतं, पण या शहराच्या जमिनीखाली वर्दळ पूर्वीपासून आहे. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचं पाणी नळातून शहरात आणलं, नुसत्या उताराच्या जोरावर, पंप नाही की काही नाही. नळ कसला, माणूस आत उभा राहील एवढं दगडी बांधकाम. जागोजाग हवेसाठी उच्छ्वास काढलेले, आणि पेठापेठांतून हौद: काळा हौद, बदामी हौद, नाना हौद. घरात नळ आल्यावर हौद रिकामे झाले. नावं तेवढी राहिली, ती रिक्षावाल्यांना सांगण्यापुरती.

फरासखान्याजवळचा बाहुलीचा हौद त्यातलाच, पण त्याची गोष्ट निराळी. तो पेशव्यांनी बांधलेला नाही. तो बांधला डॉक्टर विश्राम रामजी घोले यांनी, आपल्या काशीबाई नावाच्या लहानग्या मुलीच्या स्मरणार्थ. घोले म्हणजे जोतीराव फुल्यांचे सहकारी. घोले रोड त्यांच्याच नावाचा. मुलीला त्यांनी शिकवायला घेतलं होतं. ते नात्यागोत्यातल्या लोकांना पटेना, आणि सांगतात ते असं की त्यातल्याच कोणीतरी पोरीला खाऊतून काच कुटून घातली. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली तो भिडेवाडा इथून चालत जाण्याच्या अंतरावर होता, २०२३ मध्ये पाडला. शाळा निघाली त्यानंतर कितीतरी वर्षांनी, त्याच बुधवार पेठेत, ही गोष्ट. डॉक्टरांनी हौद बांधला आणि तो सगळ्या जातींना खुला ठेवला.

मी हौदापाशी थांबले होते. आजूबाजूला दुचाक्या, हॉर्न, कोणाचं तरी मोठमोठ्याने फोनवर चाललेलं. तेवढ्यात पाठीवर सॅक घेतलेलं एक जोडपं आलं. "काकू, शनिवारवाडा?"

"सरळ जा, पाच मिनिटंसुद्धा नाहीत. पण आलाच आहात तर हा हौद बघा."

"हे काय आहे?" मुलीने विचारलं. मी सांगायला लागले. काशीबाईपर्यंत पोचले, खाऊपर्यंत पोचले. मुलगी एकदम गप्प झाली. मुलगा तेवढा वेळ थांबला, मग अवघडून म्हणाला, "काकू, तिथे पार्किंग मिळतं का हो?"

"नाही मिळत," मी म्हटलं. "कुठेच नाही मिळत."