नाटकांचा आठवडा

या आठवड्यात घरी फक्त झोपायला आले. नाटकं, मग गप्पा, मग पुन्हा नाटक. आजचा प्रयोग मात्र डोक्यातून जात नाहीये. दुसऱ्या अंकात नायिका बोलता बोलता थांबली, प्रकाश हळूहळू तिच्या चेहऱ्यापुरता उरला आणि अख्खं प्रेक्षागृह श्वास रोखून बसलं. कॅमेरा नाही, क्लोजअप नाही, तरी तिचं दुःख शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं! काय ताकदीची नटी आहे.

नंतर आम्ही दाराबाहेर उभ्यानेच कितीतरी वेळ भांडलो. तिने नवऱ्याकडे परत जायला हवं होतं का? (मैत्रिणीला वाटतं हो, मला अजिबात पटत नाही.) किती दिवसांनी सगळे असे मनसोक्त बोललो!

उद्याच्या नाटकाचं एक तिकीट जास्तीचं आहे. कोण येतंय?